सागरी सस्तन प्राणी, प्रदूषण आणि विष मोडणारी एन्झाइम्स: आकडा वाढला म्हणजे बरं की वाईट?

खारवारा

परवा एका मैत्रिणीने एका लेखाचा दुवा पाठवला आणि खाली लिहिलं, "बघ, घाण पाण्यातल्या व्हेलच्या अंगात विष मोडणारी एन्झाइम्स भरपूर वाढलेली सापडली. निसर्ग आपली सोय बघतोच!" मी तीनदा उत्तर लिहिलं, तिन्ही वेळा खोडलं. चॅटमध्ये मावेना म्हणून हा धागा.

आधीच सांगते, मी काम केलंय ते माशांच्या यकृतावर. व्हेल-सीलबद्दलचं बरंचसं वाचून. चुभूद्याघ्या.

तेलकट रसायनं पाण्यात विरघळत नाहीत, म्हणून लघवीवाटे जातही नाहीत. यकृत त्यांना दोन टप्प्यांत घालवतं. पहिल्या टप्प्यात सायटोक्रोम पी-४५० हे एन्झाइमांचं घराणं रेणूला ऑक्सिजनची एक खुंटी ठोकतं. दुसऱ्या टप्प्यात त्या खुंटीला ग्लुक्युरोनिक आम्ल, सल्फेट किंवा ग्लुटाथायोन बांधलं जातं, आणि मग ते गाठोडं विरघळून बाहेर पडतं. (नावातला ४५० म्हणजे हे प्रथिन कार्बन मोनॉक्साइड धरून बसलं की ४५० नॅनोमीटरचा प्रकाश शोषतं. मला पहिलं वर्षभर वाटायचं की ४५० वेगवेगळी एन्झाइम्स आहेत.)

या घराण्यातलं सीवायपी१ए१ एरवी जवळजवळ झोपलेलं असतं. पेशीत एएचआर नावाचा एक संवेदक आहे. डायऑक्सिन, चपट्या आकाराचे पीसीबी (जुन्या विद्युत उपकरणांत वापरलेली क्लोरीनयुक्त रसायनं), जळक्या तेला-कोळशातले पीएएच असं काही त्यात येऊन बसलं की तो केंद्रकात जातो आणि सीवायपी१ए१चं जनुक चालू करतो. म्हणून प्राण्याच्या अंगात हे एन्झाइम वाढलेलं दिसलं की आम्ही म्हणतो, याची अशा रसायनांशी गाठ पडली आहे. ती घंटा आहे. चोर पकडला गेल्याची पावती नव्हे.

आणि इथेच मैत्रिणीची गल्लत होते. पीएएच मोडण्याजोगे असतात. पण क्लोरीनने गच्च वेढलेले पीसीबी एन्झाइमच्या खाचेत बसतात आणि तसेच उठून जातात. मोडत नाहीत. घंटा मात्र वाजतच राहते. त्यात काही चपटे पीसीबी खाचेत अडकले की एन्झाइम नुसतंच फिरत राहतं आणि ऑक्सिजनची आक्रमक रूपं बाहेर फेकतं. दाणे नसताना जातं फिरवलं की दगडच झिजतात, तसं.

मोरपिशी

वाचतेय. छान समजलं. एक बाळबोध शंका: व्हेलच्या कातडीखाली चरबीचा जाड थर असतो ना? विष तिथे साठलं तर यकृताची सुटकाच झाली की. मग बिघडलं कुठे?

खारवारा

@मोरपिशी, शंका अजिबात बाळबोध नाही. चरबीत पडून असेपर्यंत ते खरंच कमी त्रास देतं. पण ती चरबी शोभेची नसते, ती शिदोरी असते. हत्ती सीलचं पिल्लू आईचं दूध सुटल्यावर दोन-अडीच महिने काही खात नाही, अंगावरच्या चरबीवर जगतं. चरबी वितळते तसे त्यातले पीसीबी रक्तात उतरतात. म्हणजे प्राणी सर्वात अशक्त असतो तेव्हाच विषाची मात्रा चढते.

दुसरी वाट दुधाची. व्हेल-डॉल्फिनच्या दुधात स्निग्धांश प्रचंड. मादीच्या अंगात वर्षानुवर्षं साठलेल्या पीसीबींचा मोठा हिस्सा पहिल्या पिल्लाला जातो, पुढच्यांना कमी. त्यामुळे वय वाढतं तसा नराच्या अंगातला साठा चढत जातो आणि व्यायलेल्या मादीचा घटतो. पहिलटकरणीचं पिल्लू आणि त्याचं कोवळं यकृत, दोघांच्या वाट्याला आईचं निम्मं आयुष्य एकदम येतं.

शंकासुर

लेख चांगला, पण थोडा घाबरवणारा वाटला. निसर्गात निवड नावाची गोष्ट आहे. ज्यांची एन्झाइम्स कमकुवत ते जातील, ज्यांची दणकट ते उरतील. शंभरेक वर्षांत व्हेल जुळवून घेतील. अमेरिकेतल्या न्यू बेडफर्डच्या बंदरातले किलीफिश नाही का पीसीबीत आरामात पोहत!

जनुकवेडा

शंकासुरभाऊ, किलीफिशचं उदाहरण काढलंत ते बरं केलंत, कारण ते तुमच्याच विरुद्ध जातं.

न्यू बेडफर्ड बंदरातले आणि एलिझाबेथ नदीतले हे बोटाएवढे मासे खरोखरच जुळवून घेतात. पण कसे? तुम्हाला वाटतं त्यांची एन्झाइम्स दणकट झाली. झालंय उलटं. २०१६ साली त्यांचे जनुकसंच तपासले तेव्हा वेगवेगळ्या बंदरांतल्या माशांमध्ये निवडीचा ठसा पुन्हा पुन्हा एएचआरच्याच साखळीवर सापडला. या माशांत ती साखळी मंद झालेली आहे. पीसीबी दिले तरी सीवायपी१ए (वरचं सीवायपी१ए१ याच गटातलं) फारसं वाढत नाही. म्हणजे उत्क्रांतीने पहारेकरी वाढवले नाहीत, घंटेची दोरीच कापली!

आणि हेही त्यांना परवडलं, कारण त्यांची संख्या अफाट आणि पिढी वर्षा-दोन वर्षांची. ऑर्काची (किलर व्हेलची) मादी पहिल्यांदा विते ती साधारण बारा-पंधराव्या वर्षी, पुढे दोन पिल्लांत पाचेक वर्षांचं अंतर. पीसीबींचं व्यापारी उत्पादन १९२९ला सुरू झालं. तेव्हापासून ऑर्काच्या पिढ्या मोजायला एका हाताची बोटं पुरतात. निवडीला कामाला लागायला तेवढ्यात वेळ तरी मिळतो का?

शंकासुर

किलीफिशचं हे माहीत नव्हतं. मान्य. पण मग सागरी सस्तन प्राण्यांची एन्झाइम्स मुळातच कमजोर आहेत असं म्हणायचंय का? कोट्यवधी वर्षं समुद्रात काढली त्यांनी.

जनुकवेडा

कमजोर नाही, वेगळ्या जगासाठी घडलेली. जमिनीवरचा शाकाहारी प्राणी वनस्पतींच्या विषांशी रोज झुंजतो. मासे-माखुळ खाणाऱ्याला ती गरज तितकी नाही. जे लागत नाही ते टिकत नाही. १९८८ साली जपानच्या शिन्सुके तानाबे यांच्या गटाने मांडलं की व्हेल-डॉल्फिनमध्ये पी-४५०ची एक बाजू, ज्याला आज सीवायपी२बी प्रकारची क्रिया म्हणतात, ती फार क्षीण दिसते. २०९ प्रकारच्या पीसीबींपैकी जे प्रकार या बाजूने मोडतात, ते त्यांच्या अंगात तसेच साचतात. चरबीत कोणते पीसीबी उरलेत हे पाहून यकृतात कोणतं हत्यार नाही हे ओळखायचं! मला हा युक्तिवाद फार आवडतो. उष्ट्या ताटावरून जेवणारा ओळखावा तसा.

पण खरी चकित करणारी गोष्ट पीओएन१ची. पॅराऑक्सोनेज-१ हे रक्तात फिरणारं एन्झाइम. मूळ काम मेदाच्या ऑक्सिडीकरणाशी निगडित, आणि जोडीला ते ऑर्गनोफॉस्फेट कीटकनाशकांची विषारी रूपंही तोडतं. २०१८ साली 'सायन्स'मध्ये आलेल्या कामात दिसलं की हे जनुक व्हेल-डॉल्फिनच्या पूर्वजांत मोडलं, मॅनाटी-डुगाँग या समुद्रगाईंच्या वंशात स्वतंत्रपणे मोडलं, आणि काही सीलांमध्येही वेगळंच मोडलं. आपापसांत काही संबंध नसलेल्या तीन घराण्यांनी समुद्रात उतरल्यावर एकच गोष्ट टाकून दिली. का, यावर अंदाज आहेत: खोल बुडी मारताना ऑक्सिजनचा होणारा चढउतार, आहारातले मेद. नक्की कोणीच सांगत नाही.

संशोधकांनी या प्राण्यांच्या रक्तद्रवात क्लोरपायरिफॉस या अशाच एका कीटकनाशकाचं विषारी रूप टाकून पाहिलं. जवळपास काहीच तुटलं नाही. ज्या उंदरांचं पीओएन१ मुद्दाम काढलेलं असतं तशीच गत.

आता यातली गंमत बघा (गंमत हा शब्द चुकला, पण असो). क्लोरपायरिफॉस शरीरात शिरतं तेव्हा तेवढं जहाल नसतं. पी-४५०च त्याचा ऑक्सॉन बनवतं, आणि मज्जासंस्थेवर घाव घालतो तो ऑक्सॉन. आपल्यात पुढचा टप्पा पीओएन१ सांभाळतं. मॅनाटीमध्ये पहिला कामगार हजर आहे आणि दुसरा कोट्यवधी वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेला. मॅनाटी राहते कुठे? फ्लोरिडाच्या किनाऱ्यालगत, कालव्यांत, शेता-बागांचं पाणी वाहून येतं तिथेच. डुगाँगही उथळ पाण्यातल्या समुद्री गवताच्या कुरणांत, आणि ती कुरणं नद्यांच्या मुखाशी.

मांजरडॉक्टर

वर 'जे लागत नाही ते टिकत नाही' वाचलं आणि राहवलं नाही.

मी प्राण्यांची डॉक्टर, समुद्राशी संबंध शून्य. पण दर वर्षी एखादं तरी मांजर येतं, ज्याला घरच्यांनी प्रेमाने तापाची गोळी दिलेली असते. पॅरासिटामॉल. मागच्या वेळचं मांजर टेबलावर ठेवलं तेव्हा हिरड्या गुलाबीऐवजी मातकट तपकिरी होत्या, तोंड सुजलेलं, श्वास उथळ. सोबतची मुलगी सारखी म्हणत होती, "अर्धीच दिली हो, अर्धीच." मांजराला अर्धीही जास्त, कारण दुसऱ्या टप्प्यातलं यूजीटी१ए६ हे एन्झाइम मांजरकुळात निकामी आहे. खुंटी ठोकली जाते, गाठोडं बांधणारा नाही. ते मांजर वाचलं, पण चार दिवस गेले.

हे इथे का लिहितेय? मांजरातला हा दोष शोधणाऱ्यांनी २०११ साली इतर मांसाहारी प्राणी तपासले, तेव्हा हेच जनुक उत्तरेकडच्या हत्ती सीलमध्येही मोडलेलं निघालं. मला हे कळल्यापासून सीलचा फोटो दिसला की ते टेबल आठवतं.

मोरपिशी

@मांजरडॉक्टर, बाप रे. घरात दोन मांजरं आहेत. औषधाचा डबा आत्ताच वर ठेवला.

शंकासुर

बरं. मग ज्यांची एन्झाइम्स तगडी आहेत ते तरी सुटले? ध्रुवीय अस्वल म्हणे पीसीबी झपाट्याने मोडतं.

खारवारा

मोडतं खरं. सीलच्या चरबीतले कितीतरी पीसीबी अस्वलाच्या अंगात पोहोचेपर्यंत गायब होतात, १५३ क्रमांकासारखे मोजके चिवट उरतात. एवढंच वाचलं तर अस्वल जिंकलं असं वाटेल. पण मोडलं म्हणजे संपलं नाही. पी-४५०ने खुंटी ठोकलेले पीसीबी, म्हणजे हायड्रॉक्सी-पीसीबी, त्याच्या रक्तात मोठ्या प्रमाणात फिरत असतात. यांचा आकार थायरॉइडच्या थायरॉक्सिन संप्रेरकासारखा. रक्तात थायरॉक्सिन वाहून नेणारं ट्रान्सथायरेटिन नावाचं प्रथिन आहे, त्याच्या जागेवर हे जाऊन बसतात. त्याच प्रथिनाच्या साथीने अ जीवनसत्त्वही वाहतं. एका गाडीत दोन प्रवासी होते, तिसरा घुसला आणि दोघांची अडचण झाली.

सीलवरचा जुना प्रयोग या संदर्भात वाचण्यासारखा आहे. नेदरलँड्सच्या रायंडर्स यांनी हार्बर सीलच्या बारा-बारा माद्यांचे दोन गट केले. एका गटाला प्रदूषित वाडन समुद्रातले मासे, दुसऱ्याला अटलांटिकमधले तुलनेने स्वच्छ मासे. १९८६ साली निष्कर्ष छापले: पहिल्या गटात पिल्लं लक्षणीय कमी. १९८९ साली त्याच प्राण्यांच्या रक्ताबद्दल आलं की अ जीवनसत्त्व आणि थायरॉइड संप्रेरकं दोन्ही खाली. विष म्हणून काही वेगळं दिलं नव्हतं. फक्त मासे.

जनुकवेडा

आणि बेलुगा विसरू नका. कॅनडातल्या सेंट लॉरेन्स खाडीतले बेलुगा व्हेल किनाऱ्याला लागायचे, त्यांचं शवविच्छेदन १९८०च्या दशकापासून पद्धतशीर सुरू झालं. पांढऱ्याशुभ्र देखण्या प्राण्यांमध्ये कर्करोग, आणि तोही रानटी प्राण्यांत सहसा दिसतो त्याच्या कितीतरी पट. वरच्या अंगाला सॅग्ने नदीकाठी अॅल्युमिनियमच्या भट्ट्या, त्यातून बेंझो-ए-पायरीनसारखे पीएएच. बेंझो-ए-पायरीन स्वतः डीएनएला चिकटत नाही. सीवायपी१ए१ त्याला मोडायला घेतं आणि मधल्या पायरीवर जे बनतं ते चिकटतं. आगीतून फुफाट्यात, आणि ढकलणारं आपलंच एन्झाइम.

पण या गोष्टीचं पुढचं पान लोक सांगत नाहीत. भट्ट्यांची पद्धत बदलली, पीएएच कमी झाले. १९८३ ते २०१२ या काळातल्या मृत बेलुगांचा आढावा घेतला तेव्हा १९७१ नंतर जन्मलेल्या एकाही प्राण्यात कर्करोग सापडला नाही. पीएएच मोडतात, म्हणून नळ बंद केला की फरक पडतो. पीसीबीचं तसं नाही.

दर्यावर्दी

धाग्यावर उशिरा आलो. मी शास्त्रज्ञ नाही, एका संशोधन बोटीवर दोन हंगाम डेकवर काम केलं. तुम्ही ज्या एन्झाइमबद्दल बोलताय त्याचा नमुना येतो कसा ते पाहिलंय, म्हणून लिहितो.

बाण आडव्या धनुष्यातून सुटतो. टोक पोकळ, आत बारीक काटे, आणि मागे एक गुट्टा, तो एक तर बाण जास्त आत जाऊ देत नाही आणि दुसरं म्हणजे बाण तरंगतो. स्पर्म व्हेल पाठ दाखवते ते काही सेकंद. लागला की फट्ट असा ओला आवाज येतो, व्हेल जरा दचकते, बहुतेकदा काही घडलंच नाही अशी चालू पडते. मग जाळीने बाण उचलायचा. टोकात पेन्सिलमागच्या रबराएवढा तुकडा: वर काळी कातडी, खाली पांढरी चरबी. तो चिमट्याने काढून कुपीत जाईपर्यंत कोणी बोलत नसे. माझं काम कुपीवर क्रमांक आणि वेळ लिहिणं. लाटेत अक्षर बिघडलं तर शिव्या मलाच.

एवढ्या तुकड्यावरून एन्झाइम कळतं कसं, ते मात्र तेव्हा कोणी सांगितलं नाही.

खारवारा

@दर्यावर्दी, किती नेमकं लिहिलंत! हे मी फक्त वाचलेलं.

त्या तुकड्याचे पातळ काप करून त्यावर एक प्रतिपिंड सोडतात. सीवायपी१ए जिथे असेल तिथे ते चिकटतं आणि रंग दिल्यावर तपकिरी डाग उमटतो. कातडीत तो मुख्यतः बारीक रक्तवाहिन्यांच्या अस्तरात दिसतो, म्हणजे रक्तातून आलेल्या रसायनाचा पहिला उंबरठा. अवांतर: यासाठी वापरलं जाणारं एक प्रसिद्ध प्रतिपिंड स्कप नावाच्या माशाच्या एन्झाइमवर तयार केलेलं आहे. माशासाठी शिवलेला सदरा व्हेललाही बसतो, इतकं हे एन्झाइम जुनं आणि न बदललेलं.

शंकासुर

आता माझी पाळी. याच पद्धतीने पॅसिफिकभर स्पर्म व्हेल तपासल्या, तो २०११चा अभ्यास मीही शोधून वाचला. पाच प्रदेशांत सर्वात गडद डाग कुठल्या व्हेलमध्ये? गॅलापागोसच्या! संरक्षित सागरी क्षेत्र, जागतिक वारसा. मग तुमची घंटा प्रदूषण मोजते की आणखी काही?

खारवारा

हा प्रश्न बरोबर वर्मी लागला. प्रामाणिक उत्तर: घंटा एएचआर ओढला गेल्याचं सांगते, कोणी ओढला ते नाही. नैसर्गिक पदार्थही एएचआरला बसतात. आहार, लिंग, वय, उपास चाललाय का, सगळं मिसळतं. आणि नकाशावरचं संरक्षित क्षेत्र व्हेलला माहीत नसतं, ती हजारो किलोमीटर फिरते आणि सागरी प्रवाहही. पण म्हणून गॅलापागोसचा डाग प्रदूषणाचाच, असं मी म्हणणार नाही. उलट आर्क्टिकमधल्या बेलुगांत, त्या मानाने स्वच्छ पाण्यातल्या, यकृतातलं सीवायपी१ए आणि चरबीतले चपटे पीसीबी एकमेकांबरोबर चढताना दिसले आहेत. तिथे रसायनही मोजलं आणि एन्झाइमही. दोन्ही हातात असतील तरच बोलावं.

शंकासुर

हे पटलं. एवढंच आधी म्हणाला असतात तर मी वाद घातलाच नसता. (घातला असता.)

मोरपिशी

पीसीबीवर बंदी आहे ना पण? मग हळूहळू कमी होईलच.

जनुकवेडा

अमेरिकेत १९७९पासून. जगभरासाठी स्टॉकहोम करार, २००१चा, २००४पासून लागू. त्यात जुन्या उपकरणांतले पीसीबी २०२५पर्यंत वापरातून काढायचे आणि २०२८पर्यंत साठ्यांची विल्हेवाट लावायची असं ठरलेलं. कमी होतायत, पण अन्नसाखळीच्या टोकाला ते कळायला फार वेळ लागतो. जानेवारी २०१६मध्ये स्कॉटलंडच्या टायरी बेटावर लुलू नावाची ऑर्का मृत सापडली. चरबीत पीसीबी ९५७ मिलिग्रॅम प्रति किलो. सीलमधल्या निरीक्षणांवरून प्रजननावर गंभीर परिणामाची जी वरची रेषा धरतात ती ४१ची. वय निदान वीस, आणि अंडाशय पाहता ती कधीच व्यायलेली नव्हती. म्हणजे वर खारवारांनी सांगितलेली दुधाची वाटही तिला मिळाली नाही. सगळं तिच्याकडेच राहिलं.

मांजरडॉक्टर

शेवटची शंका माझी. किनाऱ्याला लागलेल्या प्राण्याच्या यकृतात एन्झाइम कमी निघालं, तर ते स्वच्छ पाण्यातलं समजायचं का?

खारवारा

मुळीच नाही, आणि हे मी स्वतः पोळून शिकले.

आम्ही ईरॉड नावाची चाचणी करायचो. यकृताच्या अर्कात एक द्रव्य टाकायचं, सीवायपी१ए असेल तर त्यातून रिसोरुफिन सुटतं आणि कुपी गुलाबी चमकू लागते. घाण पाण्यातल्या माशांची यकृतं उणे ऐंशीच्या फ्रीझरमध्ये होती. एका शनिवारी फ्रीझर बंद पडला, अलार्मची तार कोणीतरी साफसफाईत काढून ठेवलेली. सोमवारी सकाळी तळाला लालसर पाणी. तरीही मी हट्टाने चाचणी लावली. पीएएच भरपूर, आणि कुपी मात्र पाण्यासारखी. एन्झाइम मेलं होतं. रसायन जिथल्या तिथे. वाळूवर दोन दिवस पडलेल्या व्हेलचं यकृत म्हणजे तो सोमवारचा फ्रीझर. म्हणून तर जिवंत प्राण्यावर बाण मारायचा खटाटोप.

त्यातल्या चौदा कुप्या आमच्या बाईंनी टाकू दिल्या नाहीत. पुढे नवीन आलेल्या प्रत्येकाला त्या एक-एक करून, काही न सांगता, चाचणीला दिल्या जायच्या. मी होते तोवर अकरा जणांनी वहीत लिहिलं, "मासा स्वच्छ पाण्यातला." बाराव्या मुलीने आधी विचारलं, "हा नमुना कधी गोठवला होता?"